नव्या नगरपंचायतीचे पहिले अंदाजपत्रक

ग्रामपंचायतीचे नगरपंचायतीत रूपांतर झाल्याची अंतिम अधिसूचना शासन राजपत्रात प्रसिद्ध होते, त्या दिवशी गावात डोळ्यांना दिसणारा बदल फारसा होत नाही. कार्यालयावरील पाटी बदलते, जुने शिक्के जमा होतात, दप्तर मोजून ताब्यात घेतले जाते. नळाला पाणी पूर्वीच्याच वेळी येते, कचरा पूर्वीच्याच कोपऱ्यावर साठतो आणि पाणीपुरवठ्याच्या पंपाचे वीज देयक ठरलेल्या तारखेला हजर होते. मात्र ते देयक आता नव्या संस्थेच्या नावे असते आणि ते कशातून भागवावयाचे, याचे उत्तर देण्याची जबाबदारीही नव्या संस्थेवर येते. हे उत्तर ज्या दस्तऐवजात प्रथम लिहिले जाते तो दस्तऐवज म्हणजे नगरपंचायतीचे पहिले वार्षिक अंदाजपत्रक होय.

राज्यघटनेतील ७४ व्या दुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामीण स्वरूपाकडून नागरी स्वरूपाकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी ‘नगरपंचायत’ या संस्थेची तरतूद झाली. महाराष्ट्रात १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातच या संस्थेचा समावेश करण्यात आला. पुढे २०१४ मध्ये तालुक्याचे मुख्यालय असलेल्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. त्यातून कसई-दोडामार्ग, वाभवे-वैभववाडी, मोखाडा, विक्रमगड, तलासरी यांसारख्या अनेक नगरपंचायती अस्तित्वात आल्या. यांतील काही गावे लोकसंख्येने अगदीच लहान आहेत. तहसील कार्यालय, न्यायालय, बसस्थानक आणि आठवडे बाजार यांमुळे तेथे दिवसभर वर्दळ असते. घरपट्टी भरणारी घरे मात्र थोडी. सेवा घेणारे पुष्कळ आणि कर देणारे मोजके, ही या नव्या शहरांची मूळ आर्थिक अडचण आहे. पहिल्या अंदाजपत्रकाचा विचार करताना ती सतत नजरेसमोर ठेवावी लागते.

रिकामे रकाने

जुन्या नगरपरिषदेचे अंदाजपत्रक हाती घेतले तर प्रत्येक लेखाशीर्षासमोर अनेक रकाने दिसतात. मागील वर्षांची प्रत्यक्ष जमा अथवा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि शेवटी आगामी वर्षाचा अंदाज. शेवटच्या रकान्यातील आकडा विश्वासार्ह आहे की नाही, हे आधीच्या रकान्यांवरून कोणालाही पडताळून पाहता येते. मागील तीन वर्षे वीस लाखांच्या वर न गेलेली वसुली आगामी वर्षी एकाएकी पन्नास लाख होणार, असे लिहिलेले दिसले तर साधा सदस्यही प्रश्न विचारू शकतो.

नव्या नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात हे आधीचे रकाने रिकामे असतात, आणि खरा धोका येथेच आहे. तुलनेला आकडाच नसल्यामुळे कोणताही आकडा लिहिता येतो व तो खोटा ठरवता येत नाही. त्यातच नव्या संस्थेकडून नागरिकांच्या अपेक्षा मोठ्या असतात आणि पहिल्यांदाच निवडून आलेल्या सतरा सदस्यांना आपापल्या प्रभागासाठी काही ना काही हवे असते. खर्चाची बाजू वाढत जाते व ती जुळविण्यासाठी जमेची बाजूही कागदावर वाढविली जाते. असे अंदाजपत्रक सभेत मंजूर होते, ‘शिलकी’ म्हणून त्याची बातमीही येते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सफाई कामगारांचे वेतन थकते.

म्हणून पहिले काम हे रिकामे रकाने भरण्याचे. नगरपंचायत नवी असली तरी गाव नवे नसते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना क्रमांक ८ ही कर आकारणीची आणि नमुना क्रमांक ९ ही कर मागणीची नोंदवही असते. रोकडवह्या, प्रमाणके, वीज देयकांच्या फायली आणि लेखापरीक्षणाचे अहवाल असतात. त्यांवरून मागील किमान तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा व प्रत्यक्ष खर्च लेखाशीर्षनिहाय काढून नव्या नमुन्यात बसविता येतो. ग्रामपंचायतीची लेखाशीर्षे आणि नगरपरिषद लेखा संहितेतील लेखाशीर्षे एकास एक जुळत नाहीत. तेव्हा हे काम लेखापालाने एकट्याने टेबलाशी बसून करण्याऐवजी जुन्या ग्रामसेवकाला व वसुली कर्मचाऱ्याला शेजारी घेऊन करावे. कोणत्या गल्लीतील मागणी वर्षानुवर्षे नुसतीच पुढे ओढली जात आहे, कोणते घर पडून गेले तरी नोंदवहीत उभे आहे, याची माहिती त्यांनाच असते.

या कामाला पंधरा दिवस ते महिना लागतो. मुख्याधिकाऱ्यांकडे अनेकदा एकाहून अधिक नगरपंचायतींचा कार्यभार असतो व कर्मचारी अपुरे असतात, हे खरे आहे. तरीही पहिल्या वर्षी या एका कामासाठी काढलेला वेळ पुढील प्रत्येक वर्षी उपयोगी पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आणखी एक बाब येथेच लक्षात घ्यावी. अधिसूचना क्वचितच १ एप्रिल रोजी निघते. ती ऑगस्टमध्ये निघाली तर पहिले आर्थिक वर्ष आठ महिन्यांपेक्षाही कमी भरते. अशा अपुऱ्या वर्षासाठी वार्षिक आकडे घेऊन चालत नाही. घरपट्टीचा मोठा हिस्सा बहुधा जानेवारी ते मार्च या काळात वसूल होतो, म्हणून अपुऱ्या वर्षातही जमेचा तो भाग जवळपास पूर्ण येईल. वेतन व वीज यांचा खर्च मात्र महिन्यांच्या हिशेबाने कमी होईल. त्यामुळे पहिले अपुरे वर्ष प्रत्यक्ष स्थितीपेक्षा अधिक सुस्थितीत दिसते आणि त्याच्या आधारावर केलेले पहिले पूर्ण वर्षाचे अंदाजपत्रक फसते.

मागणी आणि वसुली

जमेच्या बाजूचा सर्वांत मोठा भ्रम मागणीला उत्पन्न समजण्यातून निर्माण होतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका नव्या नगरपंचायतीत घरपट्टी, पाणीपट्टी व दिवाबत्ती कर मिळून चालू वर्षाची मागणी ४० लाख रुपये आहे आणि मागील थकबाकी २५ लाख रुपये आहे. एकूण मागणी ६५ लाख. हा आकडा तसाच जमेला धरणे सोपे असते व दुर्दैवाने तसे पुष्कळदा होते. मागील तीन वर्षांच्या दप्तरावरून असे दिसते, की चालू मागणीपैकी सरासरी ६८ टक्के आणि थकबाकीपैकी २५ टक्के वसूल होते. या हिशेबाने चालू मागणीतून २७ लाख २० हजार आणि थकबाकीतून ६ लाख २५ हजार, असे एकूण ३३ लाख ४५ हजार रुपये हाती येतील.

आता खर्चाकडे पाहू. समजा, कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी दरमहा २ लाख ४० हजार आणि पंप व पथदिवे यांच्या विजेसाठी दरमहा १ लाख ६० हजार लागतात. या दोनच बाबींचा वार्षिक खर्च ४८ लाख होतो. मागणी हेच उत्पन्न धरले तर १७ लाखांची शिल्लक दिसते आणि त्या शिलकेवर प्रवेशद्वाराची कमान, सभागृहातील आसनव्यवस्था, वाहन अशा मागण्या उभ्या राहतात. प्रत्यक्ष वसुली धरली तर १४ लाख ५५ हजारांची तूट दिसते. तीच नगरपंचायत, तेच दप्तर, तीच माणसे. पहिला आकडा सभेला सुखावतो, दुसऱ्या आकड्यामुळे सभेला शासकीय अनुदान, बाजार शुल्क, गाळ्यांचे भाडे, बांधकाम परवानगी शुल्क या इतर मार्गांचा बारकाईने विचार करावाच लागतो.

वसुलीचे प्रमाण वाढविण्याचा संकल्प करू नये, असा याचा अर्थ नाही. तो अवश्य करावा. मात्र अंदाजपत्रकात धरावयाची वाढ ही ज्या उपायांतून होणार त्यांसह लिहावी. देयके किती तारखेपर्यंत वाटली जातील, वसुलीसाठी किती माणसे नेमली जातील, बड्या थकबाकीदारांची यादी सभेपुढे कधी ठेवली जाईल, हे निश्चित असेल तर सरासरीपेक्षा पाच टक्के अधिक धरणे वाजवी ठरते. थकबाकीदारांच्या यादीत शासकीय कार्यालयांच्या इमारती, सहकारी संस्था आणि प्रसंगी लोकप्रतिनिधींची घरेही असतात. ती यादी सभागृहात वाचली गेली तर पुष्कळ काम सोपे होते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

कराचा दर आणि लोकांची धास्ती

नगरपंचायत होणार म्हटल्यावर गावात पहिली चर्चा होते ती घरपट्टीची. ‘पाणी तेच, रस्ता तोच, मग पट्टी दुप्पट का?’ हा प्रश्न चुकीचा नाही. अनेक ठिकाणी रूपांतराला हरकती घेतल्या जातात त्यामागेही बहुतांशी हीच धास्ती असते.

वस्तुस्थिती अशी, की रूपांतर झाल्याबरोबर नवी आकारणी आपोआप लागू होत नाही. ग्रामपंचायत व नगरपंचायत यांच्या आकारणीचे पायाच वेगळे आहेत. ग्रामपंचायतींची आकारणी डिसेंबर २०१५ च्या नियमांपासून भांडवली मूल्यावर आधारलेली आहे. नगरपंचायतीत ती परंपरेने वार्षिक करयोग्य मूल्यावर, म्हणजे मालमत्ता भाड्याने दिल्यास वर्षाला वाजवीपणे जे भाडे मिळू शकेल त्यावर आधारित असते. त्यासाठी प्रत्येक मालमत्तेची मोजणी, वापराची नोंद, यादीची प्रसिद्धी, हरकती मागविणे, सुनावणी आणि मग प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडून यादीचे प्रमाणीकरण, असे टप्पे पार पाडावे लागतात. नगरपरिषदांच्या कामकाजात ज्याला ‘चतुर्थ वार्षिक आकारणी’ म्हणतात, ती याच पद्धतीने दर चार वर्षांनी व्हावयाची असते. तोपर्यंत ग्रामपंचायतीच्या वेळची कर आकारणीच पुढे चालते.

यावरून अंदाजपत्रकासाठी एक स्पष्ट धोरण निघते. पहिल्या वर्षी दरवाढीचे उत्पन्न धरू नये. सर्वेक्षणाचा खर्च मात्र अवश्य धरावा. नोंदवहीबाहेर राहिलेल्या मालमत्ता, वाढीव बांधकामे, घराचे दुकान झालेले गाळे यांची नोंद झाली, की दर न वाढवताही मागणी वाढते. जो आधीपासून नियमित पट्टी भरतो त्याच्यावर बोजा न टाकता ही वाढ होते, म्हणून ती न्याय्यही असते. तालुक्याच्या ठिकाणी मुख्य रस्त्यालगत गेल्या काही वर्षांत उभी राहिलेली दुकाने, गोदामे व मंगल कार्यालये यांतील किती नोंदवहीत घर म्हणून दाखविलेली आहेत, हे पाहिले म्हणजे या सूचनेचे महत्त्व पटेल.

पाण्याचा खरा खर्च

पाणीपुरवठा हा नगरपंचायतीच्या आवश्यक कर्तव्यांपैकी आहे आणि लहान शहराच्या अंदाजपत्रकात वेतनानंतर सर्वाधिक पैसा येथेच खर्च होतो. असे असूनही पाण्याचा एकूण खर्च किती, हे फारच थोड्या ठिकाणी एका जागी लिहिलेले आढळते. वीज एका लेखाशीर्षात, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतन आस्थापनेत, तुरटी व ब्लीचिंग पावडर आरोग्यात, पंपाची दुरुस्ती संकीर्ण खर्चात, अशी त्याची विभागणी झालेली असते.

वरच्याच काल्पनिक नगरपंचायतीत पंपाची वीज १५ लाख आणि वेतन, शुद्धीकरण, दुरुस्ती मिळून १२ लाख, म्हणजे योजनेचा वार्षिक खर्च २७ लाख आहे असे धरू. नळजोडण्या १,८०० आहेत. प्रत्येक जोडणीमागे खर्च १,५०० रुपये पडतो. पाणीपट्टी वर्षाला ९०० रुपये आहे. म्हणजे शंभर टक्के वसुली झाली तरी जोडणीमागे ६०० रुपये, एकूण १० लाख ८० हजार रुपये कमी पडतात. ही रक्कम घरपट्टीतून जाते. ज्याच्या घरी नळ नाही, जो वाडीवर हातपंपाचे पाणी भरतो, त्याचीही घरपट्टी यात खर्च होते.

पाणीपट्टी ताबडतोब १,५०० रुपये करावी, असे सुचविण्याचा हेतू नाही. गरीब कुटुंबाला पाणी सवलतीत मिळावे, हा निर्णय लोकनियुक्त सभेने घेणे पूर्णपणे योग्य आहे. परंतु तो निर्णय आहे, हे कळावे म्हणून खर्चाचा आकडा समोर हवा. सवलत कोणाला, किती आणि कोणाच्या पैशातून, हे सभेने जाणून ठरवावे. हॉटेल, मंगल कार्यालय, वाहन धुण्याचे केंद्र यांनाही घरगुती दराने पाणी मिळत असेल तर दुरुस्तीची सुरुवात तेथून करता येईल. अनधिकृत जोडण्या नियमित करून घेण्याची मोहीम पहिल्या सहा महिन्यांत घेतल्यास तिचाही उपयोग होतो.

पथदिव्यांबाबतही असाच शोध घ्यावा. त्यांचे देयक ग्रामपंचायतीच्या काळात कोणत्या निधीतून भागत होते, ती सोय नगरपंचायतीला उपलब्ध आहे की नाही आणि मागील किती देयके थकलेली आहेत, हे वीज वितरण कंपनीकडून लेखी घ्यावे. नव्या संस्थेला वारसाहक्काने मालमत्ता मिळते तशीच देणीही मिळतात.

कोणता पैसा आपला

अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला महसुली जमा, भांडवली जमा आणि असाधारण ऋण व निलंबन असे भाग असतात. तिसऱ्या भागाचे नाव बोजड आहे व त्यामुळे सदस्य ती पाने उलटून पुढे जातात. मात्र नगरपंचायतीच्या हातून नुसता जाणारा पैसा याच भागात असतो. ठेकेदारांची सुरक्षा ठेव, निविदेची बयाणा रक्कम, कर्मचाऱ्यांच्या वेतनातून कापलेला भविष्य निर्वाह निधी, करासोबत वसूल करून शासनाकडे भरावयाचा शिक्षण उपकर व रोजगार हमी उपकर या रकमा बँकेतील शिलकेत दिसतात, पण त्या नगरपंचायतीच्या नसतात. बँक पुस्तकातील शिल्लक पाहून खर्चाला मंजुरी देणारी सभा दुसऱ्याच्या पैशावर रस्ता बांधत असते.

अनुदानांचेही तसेच. केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान सरसकट कोणत्याही कामाला वापरता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित होता. त्यातील निम्मा पिण्याचे पाणी व पर्जन्यजल यांसाठी आणि निम्मा घनकचरा व स्वच्छता यांसाठी. उरलेला ४० टक्के भाग अबंधित असला, तरी तो वेतन व आस्थापनेवर खर्च करता येत नव्हता. राज्य शासनाच्या योजनांतील निधीही विशिष्ट कामासाठी असतो व बहुतेक योजनांत नगरपंचायतीला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. हा स्वहिस्सा अंदाजपत्रकात न धरल्यामुळे मंजूर निधी पडून राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. सभेपुढे ठेवावयाच्या टिप्पणीत प्रत्येक अनुदानासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: ते कशासाठी आहे, त्यात आपला हिस्सा किती, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या कामाचा दरवर्षीचा देखभाल खर्च कोण करणार.

यांतील तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. अनुदानातून उद्यान होते, माळी मिळत नाही. अनुदानातून अग्निशमन वाहन येते, त्यासाठी चालक व प्रशिक्षित कर्मचारी स्वउत्पन्नातूनच नेमावे लागतात. भांडवली कामाची मागणी करताना त्याच्या मागोमाग येणारा महसुली खर्च पुढील तीन वर्षांसाठी मांडून पाहिला, तर काही मागण्या सदस्य आपणहून मागे घेतील.

रूपांतरामुळे काही ग्रामीण योजनांचा लाभ बंद होतो, हेही विसरून चालणार नाही. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनात शासनाचा वाटा असे, तो तसाच पुढे चालेल असे गृहीत धरू नये. कर्मचाऱ्यांचे समावेशन मंजूर आकृतिबंधानुसार व शैक्षणिक अर्हतेनुसार होते आणि त्याला वेळ लागतो. दरम्यानच्या काळात या माणसांचे वेतन कोणत्या लेखाशीर्षातून द्यावयाचे, याची तरतूद पहिल्या अंदाजपत्रकात नसेल तर वर्षानुवर्षे गटारे साफ करणारा कामगार एका शासकीय पत्राची वाट पाहत बिनपगारी राहतो.

याउलट काही नवे मार्गही खुले होतात. बांधकाम परवानगीचे अधिकार नगरपंचायतीकडे आल्याने त्याचे शुल्क व विकास शुल्क मिळू लागते. मालमत्ता हस्तांतरणावरील मुद्रांक शुल्काच्या अधिभाराचा वाटा येतो. आठवडे बाजाराचा ठेका नव्याने व जाहीर लिलावाने दिल्यास त्याचे उत्पन्न वाढते. विकास शुल्क मात्र जमीन व्यवहारांच्या चढ-उतारावर अवलंबून असते. एखाद्या मोठ्या गृहप्रकल्पामुळे एका वर्षी आलेले शुल्क नियमित उत्पन्न समजून त्यावर कायम खर्च उभा करू नये.

सतरा प्रभागांची वाटणी

नगरपंचायतीत सतरा प्रभाग असतात. विकासकामांचा निधी सतराने भागून प्रत्येक सदस्याला समान रक्कम देण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. तीत तंटा होत नाही हे खरे. पण बाजारपेठेच्या प्रभागात चांगल्या रस्त्यावर पुन्हा फरशी बसते आणि दोन किलोमीटरवरील वाडीला जलवाहिनीसाठी तेवढाच तुकडा मिळतो, जो जलवाहिनीला कधीच पुरत नाही. गावाच्या सीमेतील सर्व वाड्या-वस्त्या अधिसूचनेबरोबर शहर झालेल्या असतात. कर त्यांच्याकडूनही घेतला जातो. पहिल्या वर्षी समान वाटणीचा पायंडा पडला, की तो मोडणे पुढील सभेला जवळजवळ अशक्य होते. त्यापेक्षा पाणी, गटार, दिवा व रस्ता या चार गोष्टी कोणत्या वस्तीत नाहीत, याची एकच यादी करून पहिल्या दोन वर्षांचा निधी त्या क्रमाने वापरण्याचा ठराव करावा. दिव्यांग, महिला व बालकल्याण आणि दुर्बल घटक यांसाठी प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवावयाच्या तरतुदीही केवळ लेखाशीर्ष उघडून न थांबता लाभार्थ्यांच्या यादीसह मांडाव्यात.

प्रारंभीच्या उत्सवी खर्चाबाबत एक जुना दाखला येथे आठवतो. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त शहर सजावटीवर एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, अशी भूमिका घेऊन त्यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. प्रस्ताव मंजूर झाला. विरोधाची नोंद मात्र राहिली. नगरपंचायतीच्या विशेष सभेत एखाद्या सदस्याला एखादी तरतूद अमान्य असेल तर त्याने तसे कारणासह इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. अंदाजपत्रक एकमताने मंजूर होणे आवश्यक नसते.

शिलकी अंदाजपत्रकाचे कौतुकही तपासून घ्यावे लागते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये केंद्रीय विधिमंडळातील आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात, दुष्काळाने लोक गांजलेले असताना सरकारी तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक राहणे हे सुस्थितीचे लक्षण नसून जरुरीपेक्षा अधिक कर घेतल्याचे लक्षण आहे, असा मुद्दा मांडला होता. पुढे ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. आजच्या लहान शहरात शिल्लक दिसते ती बहुधा खर्च न झालेल्या बंधित अनुदानामुळे. ती शिल्लक म्हणजे न झालेली जलवाहिनी असते, हे तिच्या आकड्यासमोर लिहिलेले बरे.

ग्रामसभा गेल्यानंतर

ग्रामपंचायतीच्या काळात गावाला ग्रामसभा होती. तेथे कोणीही उभा राहून जमाखर्चाबद्दल विचारू शकत असे. नगरपंचायत झाल्यावर ग्रामसभा संपते. घटनादुरुस्तीने अनिवार्य केलेल्या प्रभाग समित्या तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आहेत. म्हणजे गाव शहर झाल्याबरोबर नागरिकाचा प्रश्न विचारण्याचा हक्काचा मंच जातो आणि त्याच्या जागी काही येत नाही. नव्या नगरपंचायतींबाबतच्या चर्चेत या गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो. प्रस्तुत लेखकाला ती कराच्या दराहूनही महत्त्वाची वाटते.

यावर साधा उपाय नगरपंचायतीच्या हाती आहे. विशेष सभेपूर्वी किमान पंधरा दिवस अंदाजपत्रकाचा मसुदा कार्यालयाच्या फलकावर व प्रत्येक प्रभागात एका सार्वजनिक जागी लावावा. संपूर्ण मसुद्याबरोबर दोन पानांचा गोषवाराही असावा आणि त्यात पुढील प्रश्नांची उत्तरे असावीत: पट्टी वाढणार आहे काय, पाण्यावर किती खर्च होतो, कर्मचाऱ्यांवर किती, आणि या वर्षी कोणत्या वस्तीत कोणते काम होणार. निवडणूक होईपर्यंत प्रशासक कारभार पाहत असतील तर या प्रसिद्धीची गरज अधिकच आहे, कारण तेव्हा प्रश्न विचारणारी सभाही नसते. तालुक्याच्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला हा गोषवारा वर्गात वाचावा, ही सूचनाही करावीशी वाटते. आपल्या शाळेसमोरच्या रस्त्याचा आकडा पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा लवकर समजतो.

वर्षभराचा ताळमेळ

मंजुरीनंतर अंदाजपत्रक कपाटात जाऊ नये यासाठी महिनावार रोख तक्ता उपयोगी पडतो. बारा महिन्यांच्या बारा उभ्या ओळी, वर जमा, खाली खर्च. वसुली मार्चमध्ये आणि वेतन दरमहा, हे चित्र त्यात लगेच दिसते व पावसाळ्याचे चार महिने कसे काढावयाचे, याचा विचार एप्रिलमध्येच करता येतो. देयकांचे वाटप एप्रिल-मेमध्ये करून लवकर भरणाऱ्यास नियमानुसार सूट दिली, तर वसुली काही प्रमाणात आधी येते.

सप्टेंबर अखेर पहिल्या सहामाहीचा प्रत्यक्ष जमाखर्च सभेपुढे ठेवावा. जेथे अंदाज चुकला तेथे सुधारित अंदाजात तो बदलावा आणि एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवावयाची असल्यास पुनर्विनियोजनाचा रीतसर ठराव करावा. तोंडी संमतीवर खर्च करून मार्चमध्ये ठराव घेण्याची सवय पहिल्याच वर्षी लागली, तर लेखापरीक्षणातील आक्षेपांची यादी संस्थेच्या वयापेक्षा वेगाने वाढते.

वार्षिक लेखे वेळेत पूर्ण करणे हे आता पैशाच्या दृष्टीनेही आवश्यक झाले आहे. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी मागील वर्षाचे तात्पुरते व त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध करण्याची अट घातली होती. नव्या नगरपंचायतीने ३१ मार्चनंतर लगेच रोकडवही व बँक खात्यांचा मेळ घालून पहिले लेखे जूनअखेरपर्यंत तयार ठेवावेत. दुसऱ्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा नमुना समोर येईल तेव्हा त्यातील ‘मागील वर्षाची प्रत्यक्ष रक्कम’ या रकान्यात ग्रामपंचायतीच्या दप्तरातून उतरविलेल्या आकड्यांच्या शेजारी नगरपंचायतीचा स्वतःचा पहिला आकडा लिहिता येईल.